तीन टाक्यांचं गणित: आरव्हीने झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे आत पलंग, शेगडी आणि संडास असलेली मोठी गाडी, भाड्याने घ्यायचं ठरलं की घरात पहिली काळजी असते ती चालवण्याची. एवढं पंचवीस फुटी धूड वळवायचं कसं, मागे घ्यायचं कसं, पेट्रोलपंपावर शिरायचं कसं? खरं सांगायचं तर चालवणं दुसऱ्या दिवशी अंगवळणी पडतं. ट्रिपचं गाडं अडतं ते पाण्यावर. आरव्हीच्या पोटात तीन टाक्या असतात: स्वच्छ पाण्याची फ्रेश टँक, बेसिन आणि शॉवरच्या सांडपाण्याची ग्रे टँक आणि संडासची ब्लॅक टँक. पहिली कधी संपणार आणि उरलेल्या दोन कधी भरणार, यावर मुक्काम कुठे करायचा, आंघोळ कोणी कुठे करायची आणि भांडी कशी घासायची हे ठरतं. ज्या घरात हे गणित एकाच माणसाला ठाऊक असतं, तिथे त्या माणसाची सुट्टी होत नाही. तेव्हा निघण्याआधी सगळ्यांनी वाचा.

उदाहरणासाठी लास वेगासहून निघणारी फेरी घेऊ: युटातली झायन आणि ब्राइस कॅन्यन ही राष्ट्रीय उद्यानं, ॲरिझोनातलं पेज गाव, ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम म्हणजे दक्षिणेकडचा कडा आणि परत वेगास. साधारण ९०० मैल होतात. भारतातून आलेले आईवडील, दोन मुलं आणि आपण दोघं अशा कुटुंबाला ही फेरी पेलते, कारण कुठल्याही दिवशी गाडीत फार तास काढावे लागत नाहीत. अपवाद परतीच्या दिवसाचा; ग्रँड कॅन्यन ते वेगास २८० मैल आहेत. चार मुक्कामांना आठ रात्री द्या. पाच रात्रींत उरकायचं असेल तर सरळ मोटार आणि मोटेल घ्या, स्वस्त पडेल आणि भांडणंही कमी होतील. मोसम एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये या भागात उन्हाळी पाऊस येतो, कोरड्या घळींतून अचानक लोंढे येतात, आणि वेगासच्या बाजूला उकाडा असा असतो की गाडीतला एसी हरतो.

गाडी कोणती घ्यायची

बससारखी दिसते ती क्लास ए, व्हॅनसारखी क्लास बी, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली क्लास सी. कुटुंबासाठी क्लास सी, २५ फुटांच्या आसपासची. ३० फुटी घेतली तर आत ऐसपैस वाटतं, पण उद्यानांतल्या बऱ्याच जागा तिला पुरत नाहीत. ग्रँड कॅन्यनच्या मेदर कॅम्पग्राउंडची मर्यादाच ३० फुटांची आहे.

जाहिरातीत ‘सहाजण झोपू शकतात’ असं लिहिलेलं असतं. ते वाचून थांबू नका. सीटबेल्ट किती आणि ते कुठे आहेत, हे विचारा. डायनेटच्या, म्हणजे जेवणाच्या टेबलाच्या, उलट्या तोंडाच्या किंवा आडव्या बाकावर मुलांची कारसीट बसवता येत नाही. पुढे तोंड असलेलीच जागा हवी. वरच्या पलंगावर शिडीने चढावं लागतं आणि तिथे उठून बसताही येत नाही, त्यामुळे आजीआजोबांना मागचा पलंग आणि मुलांना वरचा. डायनेट मोडून होणारा तिसरा पलंग रोज रात्री घालायचा आणि सकाळी काढायचा असतो. तो तुमच्या वाट्याला येणार हे गृहीत धरा.

भाड्याच्या गाड्या साध्या मोटारीच्या लायसन्सवर चालवता येतात. भारतातलं लायसन्स असणाऱ्याला चालवायला द्यायची असेल तर आंतरराष्ट्रीय परमिट आणि कंपनीच्या अटी बुकिंगआधीच पाहा.

भाड्याचा आकडा फसवा असतो. रात्रीच्या दरावर मैलांचे पैसे, जनरेटरच्या तासांचे पैसे, गाडी तयार करण्याची फी आणि भांडी-अंथरुणाचा संच असं चढत जातं. भांड्यांचा संच घेऊ नका, त्यात चहाचं पातेलंसुद्धा आपल्या मापाचं नसतं. विमा मात्र नीट वाचा. आपला मोटारीचा विमा आणि क्रेडिट कार्डाचा विमा बहुतेक वेळा आरव्हीला लागू होत नाही. कंपनीच्या विम्यातूनही छत आणि गाडीचा खालचा भाग अनेकदा वगळलेला असतो, आणि नवखे लोक नेमकं छतच कुठेतरी घासतात. पेट्रोलचा हिशेब सोपा आहे. गॅलनला नऊ मैल धरले तर ९०० मैलांना १०० गॅलन.

जागा आधी, गाडी नंतर

लोक उलट करतात. आधी गाडी ठरवतात आणि मग रात्री कुठे काढायच्या ते शोधत बसतात. राष्ट्रीय उद्यानांतल्या बऱ्याच कॅम्पग्राउंडच्या जागा रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर सहा महिने आधी, दररोज एकेक तारीख पुढे सरकत खुल्या होतात. वेळ पूर्व किनाऱ्याची सकाळी १०, म्हणजे कॅलिफोर्नियात सकाळी ७. चांगल्या जागा काही मिनिटांत जातात. त्यामुळे लॉग-इन करून, गाडीची लांबी भरून, दोन-तीन जागांचे क्रमांक कागदावर लिहून बसा. हुकलंच तर रोज एकदा बघत राहा. लोक बुकिंग रद्द करतात.

प्रत्येक जागेच्या माहितीत ‘हुकअप’ बघायचं. फुल हुकअप म्हणजे वीज, नळ आणि सांडपाण्याचा पाइप, तिन्ही जागेवर. या फेरीत ते असं पडतं: झायनच्या वॉचमन कॅम्पग्राउंडमध्ये काही जागांना वीज आहे, पण नळ आणि ड्रेनेज जागेवर नाही. ब्राइसच्या सनसेट आणि नॉर्थ या दोन्ही कॅम्पग्राउंडमध्ये काहीच नाही. पेजजवळ लेक पॉवेलच्या काठावर वाहवीपला फुल हुकअप. ग्रँड कॅन्यनला मेदरमध्ये काही नाही, पण त्याला लागून असलेल्या ट्रेलर व्हिलेजमध्ये तिन्ही. म्हणजे झायन आणि ब्राइस टाकीवर काढायचे आणि पेजला मोकळा श्वास घ्यायचा. एवढं ध्यानात ठेवलंत तर निम्मं नियोजन झालं. वाहवीप आणि ट्रेलर व्हिलेजचं बुकिंग ती चालवणाऱ्या कंपन्यांकडे होतं, सरकारी संकेतस्थळावर ते शोधत बसू नका.

मागे घेऊन लावायची जागा आणि आरपार निघता येणारी जागा असे दोन प्रकार असतात. पहिल्या रात्रीसाठी शक्यतो आरपार घ्या.

पैसे वाचवायचे म्हणून ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या मोकळ्या सरकारी जमिनीवर फुकट मुक्काम करता येतो, साधारणपणे २८ दिवसांच्या काळात एका ठिकाणी १४ दिवसांपर्यंत. तिथे पाणी, संडास, दिवा, शेजारी काहीही नसतं. आकाश बघायला याहून चांगली जागा नाही, पण पहिल्याच ट्रिपला सासूबाईंना घेऊन नको.

आईवडील पर्यटक व्हिसावर आले असतील तर आणखी एक बाब. २०२६ पासून अमेरिकेबाहेर राहणाऱ्यांसाठी उद्यानांचे दर वेगळे आहेत. वार्षिक पास रहिवाशांना ८० डॉलरचा आणि इतरांना २५० डॉलरचा. पास नसेल तर झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन धरून ११ उद्यानांत १६ वर्षं आणि त्यावरच्या अनिवासी पाहुण्याला माणशी १०० डॉलर जादा. कोणाच्या पासवर कोण आत येतं ते निघण्याआधी उद्यानाच्या पानावर वाचून ठेवा, तिकिटाच्या खिडकीशी रांग अडवून वाद घालण्यापेक्षा ते बरं.

बोगद्याचा प्रश्न

झायनहून ब्राइसला जाणारा जवळचा रस्ता झायन-माउंट कार्मेल बोगद्यातून जातो. १९३० साली पुरा झालेला, मैलाहून थोडा लांब असलेला हा बोगदा त्या काळच्या मोटारींच्या मापाचा आहे. पूर्वी मोठ्या गाडीसाठी परवाना घेतला की समोरची वाहतूक थांबवून मधोमध सोडत. जून २०२६ पासून मोठ्या गाड्यांना तो रस्ता बंद आहे. रुंदीची मर्यादा ७ फूट १० इंच, उंचीची ११ फूट ४ इंच. क्लास सी बहुतेक वेळा रुंदीतच बसत नाही. जुन्या ब्लॉगांत आणि यूट्यूबवर अजून परवान्याचीच गोष्ट सांगितलेली दिसेल. फोनमधला नकाशाही तुम्हाला बिनधास्त त्या रस्त्याने पाठवेल.

तेव्हा झायनच्या दाराशी असलेल्या स्प्रिंगडेल गावाहून मागे हरिकेन गावाला या, तिथून ५९ नंबरच्या रस्त्याने हिल्डेल, पुढे ॲरिझोनातून फ्रेडोनिया, मग कनॅब आणि तिथून ८९ नंबरने उत्तरेकडे ब्राइस. हरिकेनबाहेरचा चढ दमवतो, पण नंतरचा रस्ता मोकळा आहे. कनॅबला किराणा, पेट्रोल आणि पाणी घेऊन टाका.

झायनमध्ये आत फिरायला गाडी लागतच नाही. साधारण मार्च ते नोव्हेंबर खोऱ्यातला मुख्य रस्ता खाजगी गाड्यांना बंद असतो आणि फुकटची शटल धावते. वॉचमनमध्ये गाडी लावली की ती निघेपर्यंत हलवायची नाही. ग्रँड कॅन्यनलाही शटल कॅम्पग्राउंडपर्यंत येते. आरव्हीने दर्शनस्थळं फिरायचा हट्ट धरला तर दिवस पार्किंग शोधण्यात जातो.

गाडी ताब्यात घेताना

कंपनीचा माणूस घाईत असतो आणि तोंडपाठ बोलतो. त्याचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा, गाडीचा चारी बाजूंनी, छताच्या कडांसकट व्हिडिओ घ्या. मग त्याच्यासमोर स्वतः हाताने करून बघा: जनरेटर चालू-बंद, शेगडी पेटवणं, गरम पाणी, भट्टी म्हणजे हीटर, स्लाइड-आउट म्हणजे बाहेर सरकणारा गाडीचा भाग असेल तर तो आतबाहेर करणं, आणि टाक्यांचे व्हॉल्व्ह. सांडपाण्याच्या पाइपाला भोक आहे का, हे पाण्याने तपासा. गाडीची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. मीटरपेक्षा फुटात लिहा, कारण पुलांवर पाट्या फुटात असतात.

वेगास सोडण्याआधी मोकळ्या पार्किंगमध्ये अर्धा तास घालवा. मागचं चाक आणि मागचा बंपर यांत बरंच अंतर असतं, त्यामुळे वळताना शेपूट उलट्या बाजूला फिरतं आणि शेजारच्या खांबाला लागतं. मागे घेताना एकाने खाली उतरून उभं राहायचं, आणि तो आरशात दिसेनासा झाला की ड्रायव्हरने थांबायचं. एवढा एक नियम पुरतो.

टाक्या

आता मुद्द्याचं. २५ फुटी गाडीत स्वच्छ पाणी साधारण ४० गॅलन, म्हणजे १५० लिटर, आणि खालच्या दोन टाक्या ३० गॅलनच्या आसपास असतात. आकडे गाडीगणिक बदलतात, माहितीपुस्तिकेत बघून घ्या. शॉवर सोडून दहा मिनिटं उभं राहिलं की १५ ते २० गॅलन जातात, म्हणजे एका माणसाच्या आंघोळीत निम्मी टाकी. गरम पाण्याचा बंब सहा गॅलनचा.

इथे आपल्याकडची माणसं अमेरिकनांपेक्षा तयारीची निघतात. एक दिवसाआड नळ येणाऱ्या गावात वाढलेल्याला बादलीभर पाण्यात आंघोळ शिकवावी लागत नाही. एक छोटी बादली आणि तांब्या सोबत घ्याच. शॉवरच्या टबमध्ये पाट नाही तरी प्लास्टिकचा स्टूल मावतो, दीड गॅलनात माणूस स्वच्छ होतो. मुलांना मात्र आधी बजावावं लागतं. ग्रँड कॅन्यनला मेदर कॅम्पग्राउंडजवळ पैसे टाकून वापरायचे शॉवर आहेत, त्यांचा उपयोग करा.

ब्लॅक टँकबद्दल उलटा नियम आहे: पाणी वाचवू नका. या टाकीत पाणी कमी पडलं की मैला आणि कागद सुकून ढीग होतो, आणि मग तो कशानेही निघत नाही. आपली पाणी वापरायची सवय इथे फायद्याची. टाकी थोडी लवकर भरते, पण स्वच्छ रिकामी होते. कागद वापरणाऱ्यांसाठी आरव्हीचा लवकर विरघळणारा कागदच घ्या. ओले वाइप्स पाकिटावर काहीही लिहिलेलं असलं तरी टाकायचे नाहीत. सहाजणांत दिवसभर बाहेरचे संडास वापरले तर ती तीन दिवस जाते. भिंतीवरच्या दिव्यांवर विश्वास ठेवू नका, कागद चिकटला की रिकामी टाकीही भरलेली दाखवतात.

रिकामी करण्याची क्रिया ऐकायला वाटते तितकी घाण नाही, क्रम चुकला नाही तर.

१. हातमोजे घाला. दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत हे बघून मगच टोपण काढा.
२. पाइपाचं एक टोक गाडीला फिरवून अडकवा आणि ओढून बघा. दुसरं टोक जमिनीतल्या भोकात घालून त्यावर दगड किंवा वजन ठेवा.
३. आधी ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह उघडा. आवाज थांबेपर्यंत थांबा. बंद करा.
४. मग ग्रे टँक. साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. म्हणून हा क्रम.
५. ग्रे बंद करा. गाडीकडचं टोक आधी सोडवून वर उचला, म्हणजे उरलेलं पाणी भोकात जाईल. पाइप धुवा, टोपण लावा.
६. संडासातून ब्लॅक टँकमध्ये दोन-तीन गॅलन पाणी आणि वास मारणारं औषध टाका.

डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या ठरलेल्या जागी, दोन नळ असतात. ‘पिण्यायोग्य नाही’ असं लिहिलेल्या नळाने पाइप धुवायचा, त्याने फ्रेश टँक भरायची नाही. पिण्याच्या पाण्याचा पांढरा होज वेगळ्या पिशवीत, वेगळ्या कप्प्यात. नळाला लावायचा दाब कमी करणारा पितळी रेग्युलेटर गाडीत नसेल तर विकत घ्या. काही कॅम्पग्राउंडचा दाब आतले पाइप फोडतो.

फुल हुकअपला पाइप कायम जोडलेला असला तरी ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा आणि बरीचशी भरली की उघडायचा. सतत उघडा ठेवला की पाणी वाहून जातं आणि घट्ट भाग मागे राहतो. आणि भांड्यांचं पाणी झाडाला घालायची आपली चांगली सवय इथे चालत नाही. उद्यानात सांडपाणी जमिनीवर ओतायला बंदी आहे.

वीज

या मापाच्या आरव्हीला बहुतेक ३० अँपिअरची वायर असते. १२० व्होल्टने गुणलं की ३६०० वॉट. एसी दीड हजाराच्या आसपास खातो, मायक्रोवेव्ह तेवढाच, इन्स्टंट पॉट हजार, हेअर ड्रायर दीड हजार. यातली कुठलीही दोन एका वेळी, तिसरं लावलं की फट्. खांबावरचा ब्रेकर आधी बंद करून मगच प्लग लावायचा आणि काढायचा. भारतातला २३० व्होल्टचा मिक्सर आणू नका.

वीज नसलेल्या जागी दिवे, पंप आणि हीटरचा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. एसी आणि मायक्रोवेव्ह चालत नाहीत. त्यांना जनरेटर लागतो आणि त्याला कॅम्पग्राउंडमध्ये ठरलेल्या वेळा असतात. जनरेटर गाडीच्याच टाकीतून पेट्रोल घेतो, पण टाकी पावभर उरली की तो बंद पडतो, म्हणजे गाडी अडकून पडत नाही. गॅसवर चालणारा जुन्या धाटणीचा फ्रीज असेल तर गाडी सपाट लावणं गरजेचं; चाकाखाली घालायचे प्लास्टिकचे ठोकळे त्यासाठीच.

स्वयंपाक

फोडणी बाहेर. आत मोहरी तडतडली की धुराचा अलार्म कोकलतो, आणि तो वास पडद्यांत बसला की साफसफाईचे पैसे कापले जातात. दोन बर्नरची कँपिंगची शेगडी घेऊन बाकावर थालीपीठ, पोहे, ऑम्लेट करा. आतल्या शेगडीवर चहा, भात, खिचडी. जमिनीलगतचा अलार्म गॅसगळतीचा असतो, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड. त्याच्यासमोर चपलांचा ढीग नको.

ब्राइसचे कॅम्पग्राउंड समुद्रसपाटीपासून जवळजवळ ८,००० फुटांवर आहेत. तिथे पाणी ९२ अंशांच्या आसपास उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजत नाही. छोटा तीन लिटरचा कुकर म्हणूनच न्या. घरून भाजणी, मेतकूट, भाजलेला रवा, लसणाची चटणी नेली की निम्मी जेवणं निघतात. जेवून झालं की ताटं आणि कढई आधी कागदाने पुसून तो कागद कचऱ्यात. तेल, हळद आणि डाळ ग्रे टँकमध्ये गेली की दोन दिवसांत बेसिनमधून गटाराचा वास येतो. उरलेलं अन्न बाहेर ठेवू नका. ग्रँड कॅन्यन आणि झायनच्या खारी माणसाळलेल्या आहेत, हातातलं ओढायला येतात आणि चावतात. त्यांना खाऊ घालायला बंदी आहे, हे आजोबांना खास सांगावं लागतं.

ब्राइसला मे महिन्यातही रात्री पाणी गोठतं. हीटर गॅसवर चालतो, त्यामुळे गॅस आणि बॅटरी दोन्ही भरलेली हवीत. थंडीत बाहेरचा होज रात्री जोडून ठेवायचा नाही.

रस्त्यावर

ताशी ६० ते ६५ मैलांच्या वर जायचं नाही, मागचे हॉर्न वाजवोत. वाळवंटात आडवा वारा अचानक गाडी ढकलतो. ट्रक ओलांडून पुढे जाताना दोन्ही हात स्टिअरिंगवर. उतारावर ब्रेक दाबून धरण्याऐवजी टो-हॉल (जड ओझ्यासाठी गिअर बदलणारं) बटण दाबून खालचा गिअर घ्या. ड्राइव्ह-थ्रूमध्ये शिरायचं नाही, कितीही भूक लागली तरी. सूर्य मावळण्याआधी मुक्कामाला पोचा. अंधारात मागे घेऊन लावणं नकोसं होतं आणि रस्त्यावर हरणं येतात.

पेजला घड्याळाचा घोळ होतो. उन्हाळ्यात युटा ॲरिझोनापेक्षा एक तास पुढे असतं, आणि नावाहो आदिवासींचा स्वायत्त प्रदेश, नावाहो नेशन, ॲरिझोनातल्या भागातही युटाची वेळ पाळतं. फोन तिन्हींमध्ये उड्या मारतो. पेजजवळच्या अँटेलोप कॅन्यन या अरुंद घळीत नावाहो वाटाड्यासोबतच जाता येतं आणि वेळ चुकली तर पैसे जातात. तिकिटावरची वेळ कुठली ते विचारून एका साध्या मनगटी घड्याळात लावून ठेवा.

निघताना प्रत्येक वेळी एकाने आत आणि एकाने बाहेर फेरी मारायची. आत कपाटांच्या खिट्ट्या, फ्रीजचं कुलूप, छताची झडप, शेगडी बंद. बाहेर वायर, होज, सांडपाण्याचं टोपण, पायरी, चाकाखालचे ठोकळे, गाडीच्या बाजूचं गुंडाळायचं छप्पर. शेवटी गाडी दहा फूट पुढे घेऊन, उतरून रिकाम्या जागेकडे एकदा बघायचं. मुलांची चप्पल तिथेच सापडते.

शेवटची रात्र वेगासजवळच्या फुल हुकअपच्या जागी काढा. गाडी परत देताना दोन्ही टाक्या रिकाम्या, पेट्रोल आणि गॅस करारात लिहिल्याइतकं आणि केर काढलेला लागतो. यातलं काहीही राहिलं की दंड भरमसाट. परत करायची वेळ बहुधा सकाळची असते, तेव्हा विमान दुपारनंतरचं घ्या.